भरलेल्या वर्गातला कागदी सूक्ष्मदर्शक : फोल्डस्कोपचे परीक्षण

आमच्यासारख्या मुंबईतल्या अनेक मराठी शाळांच्या प्रयोगशाळेत एखाद-दुसरा सूक्ष्मदर्शक असतो आणि तो बहुतेक वेळ कपाटातच राहतो. कांद्याच्या पापुद्र्याचा पाठ आला की बाई नमुना लावून ठेवतात, मुले रांगेने येतात, डोळा लावतात आणि पुढे सरकतात. प्रत्येकाच्या वाट्याला काही क्षण येतात. आपल्याला पेशी दिसल्या की स्वतःच्या पापणीचे केस दिसले, हे विचारायलाही सवड उरत नाही. फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक मी वर्गात आणला तो या रांगेवर उपाय म्हणून. त्यामुळे या परीक्षणातही त्याची पारख मी त्याच कसोटीवर करणार आहे : भरलेल्या वर्गात, आखीव वेळापत्रकात आणि मुंबईच्या हवेत हे उपकरण खरोखर मुलांच्या हाती राहू शकते का, आणि ते हाती आल्यावर वर्गात काय बदलते.

उपकरणाची ओळख आधी करून देते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी ते घडवले व २०१४ साली त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. मनु प्रकाश मूळचे मेरठचे आणि कानपूरच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी आहेत, हे मुलांना सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला मोलाचा वाटतो. छापील कागदाचे भाग घड्या घालून एकमेकांत अडकवायचे, मधे इवलेसे गोल भिंग बसवायचे, की सूक्ष्मदर्शक तयार होतो. वीज लागत नाही आणि वजन नगण्य असते. शोधनिबंधातल्या नोंदीनुसार तो तीन मजल्यांवरून पडला किंवा पायाखाली आला तरी टिकतो; शाळेच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण काचेचे उपकरण हातात देताना शिक्षकाच्या मनात जी धास्ती असते, तीच त्या उपकरणाला कपाटात ठेवते.

शाळांसाठीच्या नेहमीच्या भिंगाने वस्तू १४० पट मोठी दिसते आणि साधारण २ मायक्रॉनपर्यंतचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील वेगळा ओळखता येतो. एकाच भिंगातून पाहण्याची ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी लेव्हेनहूक यांनी अशाच एकभिंगी उपकरणातून पाण्यातले जीव पाहिले होते. अशा भिंगाचे नाभीय अंतर, म्हणजे समांतर किरण भिंगातून जाऊन जिथे एकत्र येतात तिथपर्यंतचे अंतर, फार कमी असते. डोळ्याला वस्तू नीट दिसण्याचे किमान अंतर २५० मिलिमीटर धरले आणि त्याला १४० ने भागले, तर उत्तर २ मिलिमीटरपेक्षाही कमी येते. म्हणूनच भिंग नमुन्याला जवळजवळ टेकलेले असते आणि डोळाही भिंगाला अगदी भिडवावा लागतो. दहावीच्या मुलांना भिंगाचे सूत्र फळ्यावर शिकवताना जे कोरडे वाटते, ते इथे डोळ्याशी येऊन उभे राहते.

जोडणी हा या खरेदीतला पहिला उपक्रम आहे आणि त्यासाठी पूर्ण एक तास राखून ठेवावा, अशी माझी ठाम शिफारस आहे. शोधनिबंध दहा मिनिटांच्या आतली जोडणी सांगतो, पण ती सराव असलेल्या हातांची. सातवीच्या मुलांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो आणि तो लागू द्यावा. शिक्षकांनी घरून जोडून आणले, तर मुलांच्या दृष्टीने ते शाळेचे सामान ठरते. त्यांनी स्वतः घड्या घातल्या की ते त्यांचे होते आणि पुढे बिघडल्यास दुरुस्तही तीच करतात. भिंगाचा भाग लहान असल्यामुळे प्रत्येक बाकावर गडद रंगाचा घोटीव कागद पसरून त्यावरच काम करावे, म्हणजे सुटे भाग शोधत बसावे लागत नाही.

त्यानंतर प्रश्न येतो जागेचा. मुंबईतला वर्ग म्हणजे बाकाला बाक लागलेला, मधली वाट जेमतेम एका माणसाची. फोल्डस्कोप प्रकाशाकडे धरून पाहायचा असल्यामुळे खिडकीकडची बाजू अचानक वर्गातली सर्वात मोलाची जागा होते. आम्ही खिडकीलगतचे बाक भिंतीला समांतर वळवून घेतले आणि तिथे ‘पाहण्याचा कट्टा’ केला; उरलेल्या बाकांवर नमुने तयार करणे, चित्र काढणे, वाचणे ही कामे चालतात आणि गट आळीपाळीने जागा बदलतात. दोघांत एक उपकरण असते, म्हणून मुलांच्या जोड्यांचे क्रमांक घातलेल्या कप्प्यांची कापडी पिशवी खिडकीशेजारी खिळ्याला टांगली, की उपकरणे वाटणे आणि गोळा करणे मुलेच करतात. समोरच्या भिंतीवर सुतळी बांधून कपडे वाळवायच्या चिमट्यांनी चित्रे लावतो. ही चित्रे गोलात काढायची असतात, कारण भिंगातून दिसते ते गोलच असते. त्यासाठी वर्गात बांगड्या ठेवल्या आहेत, बांगडी कागदावर ठेवून गोल आखला की काम झाले. ही सगळी मांडणी साधी आहे. मात्र ती न करता नुसते उपकरण वाटले, तर मुले खिडकीशी गर्दी करतात आणि मागच्या बाकावरची मुले मागेच राहतात.

इथे एक सूचना कोणत्याही तडजोडीशिवाय पाळली पाहिजे. फोल्डस्कोप सूर्याकडे धरून कधीही पाहू नये. खिडकीतल्या आकाशाचा उजेड किंवा ट्यूबलाइट पुरेशी असते. पहिल्या तासाला ही सूचना देऊन थांबू नये, प्रत्येक तासाला ती पुन्हा सांगावी.

वर्गाच्या दृष्टीने सर्वात मोठा लाभ मला जोडीने पाहण्यात दिसला. दोघांत एक उपकरण द्यायचे. एकाने भिंगातून पाहायचे आणि बोलायचे, दुसऱ्याने न पाहता, केवळ ऐकून चित्र काढायचे. मग अदलाबदल करून चित्र आणि दृश्य ताडून पाहायचे. पहिल्यांदा सांगणारा म्हणतो, ‘‘हिरवं हिरवं काहीतरी आहे’’, आणि काढणाऱ्याची पेन्सिल जागची हलत नाही. मग हळूहळू शब्द शोधले जातात : लांबट, एका टोकाला निमुळते, विटांसारखे एकाआड एक रचलेले, कडेला जाड आणि मधे फिकट. निरीक्षण म्हणजे काय, हे मी व्याख्या लिहून देऊन कधी इतक्या लवकर शिकवू शकले नव्हते. शिवाय वर्गात एरवी ज्यांचे एकमेकांशी बोलणे होत नाही, अशा मुलांच्या जोड्या मुद्दाम लावल्या, तर बोलायला विषय आपोआप मिळतो. फारशी न बोलणारी मुले सांगणाऱ्याच्या जागी बसली की नेमकी बोलतात, कारण तेव्हा त्यांच्याजवळ दुसऱ्याला हवी असलेली माहिती असते. विज्ञानाच्या तासाला मराठीचाही एवढा कस लागतो, हे भाषेच्या शिक्षकांनी येऊन पाहावे असे आहे.

नमुन्यांसाठी मुंबईत काही विकत घ्यावे लागत नाही. सुरुवात जास्वंदीने करावी. सोसायटीच्या कुंपणावरचे एक फूल वर्गाला पुरते. तिचे परागकण आकाराने मोठे, गोल आणि काटेरी असतात, त्यामुळे फोकस जमवायला नवख्या मुलालाही सोपे जाते आणि पहिल्याच प्रयत्नात काहीतरी ठसठशीत दिसल्याने हुरूप येतो. त्यानंतर गणवेशाचा धागा. टेरिकॉटच्या शर्टाचा एक धागा सुईने उकलून ठेवला तर त्यात दोन प्रकारचे तंतू दिसतात : सुताचा तंतू चपटा आणि पीळ पडलेल्या फितीसारखा, तर पॉलिएस्टरचा सरळ आणि गुळगुळीत. परळ-लालबागच्या गिरण्यांत काम केलेले आजोबा ज्यांच्या घरी आहेत, त्या मुलांनी हे चित्र घरी नेले आणि परतताना कापसाच्या तंतूची लांबी, पीळ, कांडी असे शब्द घेऊन आली. पाठ्यपुस्तकात न मावणारा धडा असा घरून येतो.

तिवराचे पान मात्र माझ्या मते या सगळ्यांत अव्वल आहे. खाडीकाठच्या उपनगरांत राहणाऱ्या मुलांना तिवरे रोज दिसतात. ही खारफुटीची झाडे खारे पाणी शोषतात आणि नको असलेले मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. गळून पडलेले पानच घ्यावे, कारण खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे आणि मुलांनीही ते लहानपणापासून पाळलेले बरे. पान जाड असल्याने त्यातून उजेड जात नाही. म्हणून पारदर्शक चिकटपट्टी पानावर दाबून उचलावी आणि तीच भिंगाखाली लावावी. शेजारच्या जोडीला स्वयंपाकघरातल्या मिठाचे पाणी काचपट्टीवर वाळवून द्यावे. दोन्हीकडचे चौकोनी स्फटिक पाहून मुले एकमेकांच्या जागेवर जाऊ लागतात, आणि ‘‘बाई, पानावर मीठ कोणी टाकलं?’’ हा प्रश्न आला की पुढचा तास मुलेच चालवतात. हा उपक्रम हिवाळ्यात घ्यावा. पावसाळ्यात पानावरचे मीठ धुऊन गेलेले असते. पावसाळ्यासाठी पावावरची बुरशी आहे. ती उघडी हाताळू न देता चिकटपट्टीत बंद करून द्यावी, म्हणजे तिचे तंतू आणि बीजाणूंच्या गाठी सुरक्षितपणे पाहता येतात.

आता मर्यादा. सातवीच्या सामान्य विज्ञानात पेशी आणि सूक्ष्मजीव हे विषय येतात, आणि दह्यातले जिवाणू दाखवण्याची अपेक्षा ठेवून कोणी हे उपकरण घेणार असेल, तर त्याने घेऊ नये. जिवाणूंचा आकार एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे या भिंगाच्या क्षमतेच्या काठावर. दिसलेच तर ठिपके दिसतील आणि ते जिवाणूच आहेत हे मुलांना पटवून देणे प्रामाणिक ठरणार नाही. कांद्याच्या पेशी, बुरशी, परागकण, साचलेल्या पाण्यातले मोठे एकपेशीय जीव ही त्याची खरी कक्षा आहे. डासाची अळी तर उलट फार जाड आणि मोठी पडते, तिचा एखादाच भाग नजरेत येतो. दुसरे असे की, फोकस कागदाच्या पट्ट्या बोटांनी किंचित सरकवून साधावा लागतो, आणि पाचवीच्या खालच्या मुलांच्या बोटांना ते कौशल्य अजून आलेले नसते. त्यांना साधे हातभिंगच द्यावे. जुलैतल्या ढगाळ दुपारी खिडकीचा उजेडही कमी पडतो, त्यामुळे वर्गात एक चांगला दिवा हवाच.

आरोग्याची एक बाजू खरेदीपूर्वी विचारात घ्यावी. डोळा भिंगाला भिडत असल्याने पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असेल तेव्हा उपकरण दोघांत वाटून घेणे थांबवावे. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात अशी मोठी साथ आली होती, हे पालकांच्या अजून लक्षात आहे. अशा दिवसांत मी शिक्षकाचा मोबाइल वापरते. चुंबकाच्या साहाय्याने फोल्डस्कोप मोबाइलच्या कॅमेऱ्याला जोडता येतो आणि दृश्य पडद्यावर सगळ्यांना दाखवता येते. सोय चांगली आहे, पण तिची सवय लावून घेऊ नये. पडद्यावरचे चित्र बाईंनी शोधलेले असते आणि मुले पुन्हा प्रेक्षक होतात. रांग तेवढी जाते, हाती काही येत नाही.

या उपकरणामुळे आमच्या वर्गाचे रायगड जिल्ह्यातल्या एका शाळेशी नाते जुळले. कोरडे नमुने कागदी पट्टीवर चिकटवून पाकिटातून पाठवता येतात. आमच्या मुलांनी तिवराचे मीठ आणि गणवेशाचे धागे पाठवले, तिकडून भाताचे तूस, आंब्याच्या मोहराचे पराग आणि रानातल्या गवताची कुसळे आली. पाकिटावर नमुन्याचे नाव लिहायचे नाही, फक्त तो कुठे आणि कधी मिळाला एवढेच लिहायचे, असा नियम आम्ही दोन्ही शिक्षकांनी ठरवला. ओळखण्याचे काम समोरच्या मुलांचे. उत्तरे हाताने लिहिलेल्या पत्रांतून जातात. फोल्डस्कोप वापरणाऱ्यांचे मायक्रोकॉसमॉस नावाचे जागतिक संकेतस्थळही आहे आणि तिथल्या नोंदी शिक्षकाने जरूर वाचाव्यात, परंतु मराठी माध्यमाच्या सातवीतल्या मुलांसाठी आपल्याच भाषेत उत्तर देणारा समवयस्क मित्र अधिक कामाचा आहे.

खरेदी करताना मुलांच्या संख्येच्या निम्मी उपकरणे आणि त्यावर थोडी जादा घ्यावीत. याहून कमी घेतली तर रांग परत येते आणि खर्चाचा हेतूच उरत नाही. संचागणिक सोबतचे साहित्य बदलते, म्हणून काचपट्ट्या, चिमटे आणि दिवा त्यात आहेत की नाहीत, हे पाहूनच मागणी नोंदवावी. काचपट्ट्या व चिकटपट्टी प्रिन्सेस स्ट्रीट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या परिसरात घाऊक भावात मिळतात, तेवढ्यासाठी महागडा संच घेण्याचे कारण नाही. सहावी ते नववीच्या वर्गांसाठी मी हे उपकरण मनापासून सुचवते. प्रयोगशाळेतला मोठा सूक्ष्मदर्शक काढून टाकावा, असे मात्र मी म्हणणार नाही; जिवाणूंच्या पाठाला त्याची गरज पडणार आहेच. मुख्याध्यापकांकडे प्रस्ताव देताना उपकरणांच्या किमतीबरोबर वेळापत्रकातला सलग दोन तासांचा एक जोडतासही मागून घ्यावा, कारण नमुना लावणे, पाहणे, सांगणे आणि चित्र काढणे एका तासात बसत नाही.