राउटर टेबलवर ‘जॉइंटर’ दाखवून विकणाऱ्यांपासून सावध

कुडाळच्या बाजूला माझं छोटं वर्कशॉप आहे. देव्हारे, पाट, चौपाळ्याच्या फळ्या आणि अलीकडे तारकर्ली-देवबागच्या होमस्टेंची जेवणाची टेबलं, असं काम चालतं. त्यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते फळ्या जोडणं. फणसाची अखंड रुंद फळी सहज मिळत नाही, मिळाली तरी पावसाळ्यात फुगून वाकते. म्हणून अरुंद फळ्या कडेला कड लावून फेव्हिकॉलने चिकटवायच्या. कड सरळ आणि गुण्यात (काटकोनात) नसेल तर क्लॅम्प कितीही आवळा, सांधा पुढे उघडतोच. हाताने रंधा मारून ती कड काढता येते, पण ऑर्डर तोंडावर असली की जीव मेटाकुटीला येतो. आणि फळीची कड सरळ करणारं जॉइंटर मशीन म्हणजे पैसेही हवेत, जागाही हवी.

ही अडचण हेरून एकाने मला राउटर टेबल विकलं, म्हणजे फिरत्या पात्याने (बिटने) लाकूड कापणारं राउटर मशीन खालून बसवलेलं टेबल. ‘जॉइंटिंग फेन्स’सकट, म्हणजे कड सरळ करताना फळी जिला टेकवून सरकवायची त्या बिटच्या डावी-उजवीकडच्या आधारासकट, ₹२८,०००. त्या फेन्सवर जॉइंटिंग होतच नाही.

का होत नाही ते आधी सांगतो, कारण फसवणुकीची मेख तिथेच आहे. राउटर टेबलवर फळी उजवीकडून डावीकडे, बिटच्या फिरण्याच्या विरुद्ध ढकलायची असते. बिटने समजा १ मिमी लाकूड काढलं, तर कापलेली कड न कापलेल्या कडेपेक्षा १ मिमी आत जाते. म्हणजे तिला टेकायला डावीकडची फेन्स उजवीपेक्षा बरोबर तेवढीच पुढे हवी, आणि बिटची धार त्या डाव्या फेन्सच्या रेषेत हवी. दोन्ही बाजू एकाच रेषेत असतील तर कापलेल्या कडेमागे पोकळी राहते. फळी डावीकडे टेकायला जाते, तिरकी होते आणि शेवटाला बिट तिचा लचका तोडतं. सरळ व्हायची कड उलट बिघडते.

विक्रेत्याने हायवेलगतच्या एका शेडमध्ये डेमो ठेवला होता. आम्ही पाच-सहा सुतार जमलो होतो. मी मुद्दाम विचारलं, “डावी बाजू पुढे घेता येते का?” तो म्हणाला, “काका, दोन्ही भाग वेगळे आहेत, हे बघा.” त्याने नॉब सैल केले आणि फेन्सवरच्या एमडीएफच्या (लाकडी भुसा दाबून केलेल्या फळीच्या) दोन पट्ट्या सरकवून दाखवल्या. त्या सरकल्या आडव्या, बिटच्या जवळ आणि लांब. बिट लहानमोठं असेल तसं मधलं तोंड कमीजास्त करायला ती सोय असते, बहुतेक फेन्सना असते. पुढे-मागे त्या तसूभरही हलत नाहीत, कारण मागे ॲल्युमिनियमचा एकच अखंड सेक्शन आहे. पण प्रश्न विचारताक्षणी समोर काहीतरी हलताना दिसलं की माणसाचं समाधान होतं. त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

मग त्याने फणसाची फळी फिरवली. राउटरचा आवाज, थोडा भुसा, आणि कड आरशासारखी. दुसरी फळी तिला लावून उजेडाकडे धरली, मधून उजेडाची रेघही आली नाही. माझ्या हाताखालच्या पोराने मोबाइलवर सगळं शूट केलं होतं.

घरी आणल्यावर पहिल्याच जोडाला एका टोकाशी फट. फोन केला तर म्हणतो, “काका, तुमच्याकडची हवाच दमट. लाकूड ओलं असणार. मशीनचा काय दोष?” कोकणात हे कारण कुणालाही पटतं, कारण ते अर्धं खरं आहे. ओलं लाकूड वाकतंच. म्हणून मी लाकूडच बाजूला ठेवलं. एमडीएफच्या दोन पट्ट्या घेतल्या, त्याच फेन्सवरून काढल्या आणि लगेच कडेला कड लावली. फट तशीच, तिथेच. नुकत्याच कापलेल्या एमडीएफला हवा लागायला वेळ तरी कुठे मिळाला होता? हे सांगितल्यावर त्याने फोन उचलणं कमी केलं.

मग आमच्या पोराने तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि म्हणाला, “काका, फळी आदीच पिवळी आसा.”

फणस कापणाऱ्याला यापुढे सांगायला नको. ताजी कापलेली फणसाची कड पिवळीधमक असते, नंतर उजेड-हवा लागून तपकिरी होत जाते. व्हिडिओतल्या फळीची दर्शनी बाजू तपकिरी, आणि कड मात्र बिटला लागण्याआधीच हळदीसारखी पिवळी. म्हणजे ती दुसऱ्या मशीनवर आधीच सरळ करून आणलेली. डेमोत बिट फक्त तिला चाटून गेलं. एकाच रेषेतल्या फेन्सवर नुसती चाटली तर सरळ फळी सरळच बाहेर येते, त्यात कसब काहीच नाही.

सोबत ‘फ्री’ दिलेल्या बिटांचीही तीच गत. राउटरचा कोलेट (बिटची दांडी धरणारी पकड) अर्ध्या इंची, म्हणजे १२.७ मिमीचा, आणि बिटांची दांडी १२ मिमी. अशी दांडी कोलेटमध्ये नीट आवळली जात नाही, चालू मशीनमध्ये बिट सरकतं. बोटांशी खेळ आहे हा. अशी बिटं फुकट मिळाली तरी वापरू नका.

डेमोला जाणार असाल तर फळी आपली न्या, करवतीची खडबडीत कड असलेली. कडेवर पेन्सिलने नागमोडी रेघा ओढा. एक-दोन फेऱ्यांत त्या टोकापासून टोकापर्यंत गेल्या पाहिजेत. दोन्ही फेन्सवर एकच लांब पोलादी पट्टी आडवी धरा. ती दोन्हीकडे सपाट टेकली आणि डावी बाजू पुढे आणायला स्क्रू किंवा पट्टी काहीच नसेल, तर जॉइंटिंगच्या नावाने पैसे देऊ नका. मी आता डाव्या बाजूला १ मिमीचा सनमायका चिकटवून काम चालवतोय. छान चालतं. राग येतो तो त्याचाच. हे तर एमडीएफच्या साध्या फेन्सवरही झालं असतं.

बिल पक्कं घ्या आणि त्यावर ‘जॉइंटिंग फेन्स’ हे शब्द लिहून घ्या. माझ्याकडे कच्चं बिल आहे, पण विक्रेत्याचं छापील पत्रक आणि डेमोचा व्हिडिओ जपून ठेवलाय. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली. “धंद्यासाठी घेतलेल्या मशीनला ग्राहक कायदा लागू नाही,” असं विक्रेता दरडावतो. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही.

तक्रारीनंतर त्याचाच फोन आला. टेबल परत घेतो म्हणतो, पण टेम्पोचं भाडं मी द्यायचं आणि व्हिडिओ कुणाला दाखवायचा नाही. भाड्यावर बोलता येईल असं मी त्याला कळवलंय. व्हिडिओ आमच्या इथल्या सगळ्या सुतारांनी केव्हाच बघितलाय.