बेसिक लाइफ सपोर्टचा क्लास: हाताला सवय लावणारा असेल तरच पैसे भरा

डॉक्टर-नर्ससाठीचा नाही, आपल्यासारख्या साध्या माणसांसाठीचा एका दिवसाचा बेसिक लाइफ सपोर्टचा क्लास केला, त्यात मोठ्यांचं आणि लहान मुलांचं दोन्ही सीपीआर शिकवतात, म्हणजे हृदय बंद पडलं की छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन माणसाला वाचवायचा प्रयत्न. एकूण मत चांगलं आहे, घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर नक्की करा, पण एक भाग फारच घाईत उरकला तेही खाली लिहिते.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे भाषण कमी आणि पुतळ्यावर काम जास्त. त्याला ते मॅनिकिन म्हणतात. दोघादोघांत एक मॅनिकिन होता आणि त्याला दिवे होते, दाब पुरेसा खोल गेला आणि वेग बरोबर असला की हिरवा लागतो नाहीतर नाही. मी याआधी एक ऑनलाइन कोर्स केलेला, नाव घेत नाही, त्यात नुसते व्हिडिओ बघायचे आणि शेवटी प्रश्नांवर टिक करायची, सर्टिफिकेट मात्र झकास छापलेलं. त्या कोर्सने मला किमान ५ सेंटीमीटर खोल दाबायचं हे पाठ करून दिलं, पण ५ सेंटीमीटर म्हणजे किती जोर लावायचा हे व्हिडिओ बघून कुणालाच कळणार नाही. खरं सांगते, खूप जोर लागतो. कोपर सरळ ठेवून, खांदे बरोबर हातांच्या वर आणून, कंबरेतून सगळं वजन टाकावं लागतं, आणि ६ सेंटीमीटरच्या पुढे जायचं नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. दोन मिनिटांत माणूस दमतो आणि दमला की दाब उथळ व्हायला लागतो, पण करणाऱ्याला ते जाणवत नाही, म्हणून दुसरं कोणी असेल तर दर दोन मिनिटांनी बदला असं शिकवणाऱ्या मॅडम सतत सांगत होत्या.

दाबाइतकंच सोडणं महत्त्वाचं हे मला इथेच नीट समजलं. दाबून झालं की छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हात टेकवून रेलून राहायचं नाही, कारण छाती वर येते तेव्हाच हृदयात परत रक्त भरतं, भरलंच नाही तर पुढच्या दाबाला बाहेर काय जाणार? मॅडम प्रत्येकाच्या शेजारी गुडघ्यावर बसून हे बघत होत्या, नुसतं लांबून हो हो बरोबर आहे असं नाही.

ओळखायचं कसं यावर पण चांगला वेळ दिला. हाक मारा, खांदे हलवा, प्रतिसाद नाही तर लगेच कुणाला तरी अँब्युलन्सला फोन करायला सांगा आणि एईडी (हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन) मागवा, मग श्वास बघा, जास्तीत जास्त १० सेकंद. इथे एक गोष्ट मला आजवर कुणीच सांगितली नव्हती. हृदय बंद पडल्यावर सुरुवातीला बऱ्याच जणांना अधूनमधून आचके येतात, तोंड उघडतं, घोरल्यासारखा आवाज येतो, आणि आजूबाजूचे म्हणतात श्वास चालू आहे, थांबा. तो श्वास नाहीये! प्रतिसाद नाही आणि श्वास नीट नाही, तर दाब सुरू करायचे. नाडी शोधत बसू नका असंही स्पष्ट सांगितलं, आपल्याला ती घाबरलेल्या अवस्थेत सापडत नाही आणि वेळ जातो. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांत इजा सुरू होते. बरगडी मोडेल का हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला, उत्तर असं की मोडू शकते, तरी थांबायचं नाही, बरगडी जुळते.

आता मुलांचा भाग, ज्याच्यासाठी मी खास गेले होते. मोठ्या माणसाचं हृदय बऱ्याचदा हृदयातल्याच बिघाडाने अचानक बंद पडतं, तेव्हा रक्तात थोडा ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून शिकलेलं नसलं तरी नुसते दाब दिले तरी उपयोग होतो. मुलांचं बहुतेक वेळा आधी श्वासाचं काहीतरी होतं, घशात अडकणं, बुडणं, गंभीर आजार, आणि मग हृदय थांबतं, म्हणजे ऑक्सिजन आधीच संपलेला असतो. त्यामुळे मुलांना तोंडाने श्वास देणं फार गरजेचं. एकटे असाल तर ३० दाब आणि २ श्वास, मोठ्यांसारखंच. खोली छातीच्या एक तृतीयांश, मुलांत साधारण ५ सेंटीमीटर, एक वर्षाच्या आतल्या बाळात साधारण ४. मूल लहान असेल तर एकाच हाताने, बाळाला दोन्ही हातांनी छातीभोवती वेढा घालून दोन अंगठ्यांनी. बाळाचं डोकं जास्त मागे वाकवायचं नाही, आणि श्वास देताना आपलं तोंड त्याच्या नाक-तोंड दोन्हींवर. फुंकर छोटी, छाती जेमतेम वर येईल इतकीच. बाळाचा मॅनिकिन हातात घेतल्यावर वर्गातली कुजबुज एकदम थांबली, आणि ते योग्यच होतं.

तक्रार इथेच आहे. बाळांचे मॅनिकिन सगळ्यांत मिळून दोनच होते, त्यामुळे रांग लागली आणि घशात अडकल्यावर काय करायचं हा भाग जेवणानंतर घाईघाईत झाला. बाळाला पालथं करून, डोकं खाली ठेवून, पाठीवर ५ थापा आणि मग उताणं करून छातीवर ५ दाब, बाळाचं पोट कधीच दाबायचं नाही, इतकं सांगितलं आणि एकदा दाखवलं. आईबापांना खरी भीती याचीच असते, तिथे प्रत्येकाला करून बघायला मिळायला हवं होतं. एईडीचा सराव मात्र छान झाला, मशीन स्वतः बोलून सांगतं, पॅड उघड्या कोरड्या छातीवर लावायचे, मशीन हृदय तपासत असताना आणि शॉक देताना कुणी हात लावायचा नाही आणि शॉक झाला की लगेच परत दाब सुरू. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे पॅड असतात, पण नसले तर मोठ्यांचे चालतात, फक्त एकमेकांना चिकटता कामा नयेत, म्हणून एक छातीवर आणि एक पाठीवर.

सर्टिफिकेट दोन वर्षांचं आहे, पण हाताची सवय काही महिन्यांतच जायला लागते असं मॅडमनीच सांगितलं, मधे येऊन मॅनिकिनवर सराव करायची सोय पण आहे, हे मला फार आवडलं. पाचातले चार स्टार, एक कापला तो बाळांच्या भागासाठी. नाव नोंदवायच्या आधी फोन करून विचारा की बाळाचे मॅनिकिन किती आहेत आणि घशात अडकल्याचा सराव प्रत्येकाकडून करून घेतात का, नाही म्हणाले तर दुसरी बॅच किंवा दुसरा क्लास बघा.