मुलांचा चित्रकलेचा क्लास: चित्र काढायला पाठवायचं असेल तर नक्की घाला

चित्रकलेने गणित सुधारेल, एकाग्रता वाढेल, मार्क चढतील अशा आशेने क्लास शोधत असाल तर इथे तसं कुणी काही कबूल करत नाही हे आधीच सांगते, आणि मला हा क्लास आवडायचं पहिलं कारण तेच आहे. आधी मुलगी जिथे जायची त्या क्लासच्या पत्रकावर मेंदूच्या विकासाची लांबलचक यादी होती, चित्राबद्दल एक ओळ नाही. फळ्यावरचं घर बघून कागदावर उतरवायचं, रेष वाकडी गेली की बाई स्वतः खोडून सरळ काढून देणार आणि टर्म संपली की सर्टिफिकेट. त्यातलं एकही चित्र तिने घरी आपणहून दाखवलं नाही, कारण ते तिचं नव्हतंच.

इथे कागद मोठे, इझलवर लावलेले, मुलं उभं राहून काढतात त्यामुळे अख्खा हात फिरतो. लहानांच्या बॅचला रंग फक्त लाल, निळा, पिवळा आणि पांढरा. काळा नाही, खोडरबर नाही. बाकी सगळं मिसळून करायचं. मुलगी सहा वर्षांची आहे, तिला पावसाआधी होतं तसं आभाळ हवं होतं, निळ्यात पांढरा घालून घालून बघितला तर ते नुसतंच फिकट होत गेलं, मग ब्रश चुकून प्लेटमधल्या उरलेल्या नारिंगीला लागला आणि तसाच निळ्यात गेला, आणि झाला की करडा! ती थांबून बघतच बसली. शिकवणाऱ्या ताई शेजारीच होत्या, पण "व्वा, छान" नाही की काही नाही, एवढंच विचारलं, "हा कुठून आला गं?" मग पोरीने त्यांना सगळी रेसिपी सांगितली आणि परत परत तो रंग करून बघितला, उरलेला वेळ त्यातच गेला. आभाळ काही पूर्ण झालं नाही. मला तेवढ्यासाठीच पूर्ण फी वसूल वाटली.

अजून एक बघा. या वयाची बरीच मुलं आभाळ म्हणजे वर एक निळी पट्टी, जमीन म्हणजे खाली एक पट्टी आणि मधे कोरा कागद असं काढतात. आपण लगेच म्हणतो अरे आभाळ खालपर्यंत आण ना. इथे कुणी म्हणत नाही, कारण ती त्या वयाची स्वतःची मांडणी असते, कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ सालीच मुलांच्या चित्रांचे असे वयानुसार टप्पे नीट मांडून ठेवलेत.

बक्षीस, नंबर, स्टार काही नाही, आणि बऱ्याच पालकांना हे खटकतं. त्यांच्यासाठी लिहिते, १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्केचपेनने चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला होता. ज्यांना आधी सांगून सर्टिफिकेट दिलं ती मुलं नंतर मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्र काढत होती. ज्यांना अचानक दिलं त्यांची आवड कमी झाली नाही. आणि मार्कांचं म्हणाल तर हेटलँड आणि विनर यांनी २००० साली आधीचे ढीगभर अभ्यास तपासले, चित्रकला शिकून शाळेचे मार्क वाढतात असा भक्कम पुरावा सापडला नाही. मला यात वाईट वाटण्यासारखं काहीच दिसत नाही. करडा रंग सापडला हेच मिळालं ना! संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्कांच्या १९८९ च्या करारात ३१ व्या कलमात विश्रांती, खेळ आणि कला एकत्र आहेत, मुलांचा हक्क म्हणून, कशाची तयारी म्हणून नाही.

मोठ्यांची बॅच वेगळी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. माझा मुलगा तेरा वर्षांचा, दहाव्या वर्षीच "मला येत नाही" म्हणून त्याने चित्र सोडलं होतं. त्या वयात मुलांना चित्र खऱ्यासारखं दिसायला हवं असतं आणि हात तिथे पोचत नाही, तेव्हा नुसतं "मनाला येईल ते काढ" म्हणून भागत नाही, शिकवावंच लागतं. इथे कोळसा देतात, कागदाकडे न बघता फक्त वस्तूकडे बघत रेष काढायला लावतात. त्याने स्वतःचा बूट काढला, टाच झिजलेली, एका बाजूची शिवण उसवलेली, अगदी लेसच्या टोकाचं तुटलेलं प्लास्टिकसुद्धा. घरी कुणाला दाखवलं नाही, पण फाडलंही नाही. आणि भिंतीवर लावायच्या आधी सर त्याला विचारतात, तो नको म्हणाला की विषय संपला. या वयाच्या मुलांना असं कोण विचारतं हो?

तक्रारी आहेतच. ओली चित्रं वाळवायला जागा नाही, एकावर एक चिकटतात आणि मुलांचा जीव तुटतो, दोऱ्या तरी बांधा. मोठ्यांना एकच तास आहे, हात जरा बसतोय तोवर आवरायची वेळ होते, दोन तास करा अशी विनंती मी लेखी दिलीये. पाचपैकी चार स्टार. आधी एक दिवस नुसतं बसून बघू देतात, मुलाला घेऊन जा, आणि ब्रश त्याच्या हातात असेल तेव्हा तुम्ही बाहेर थांबा.