टूरिंग पॅकेज : गादीखाली, शॉकअपमध्ये आणि वायरीत काय निघालं

पक्क्या बिलावर एकच ओळ आहे : ‘टूरिंग पॅकेज, १ नग, रु. ३८,५००’, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकल तयार करून देणं. आठ कामांचा तपशील मात्र गॅरेजच्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेनने लिहिलेला. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, गॅरेज पुण्यातलं, बेत कन्याकुमारीचा. गाडी ताब्यात घेताना चौकापर्यंत एक चक्कर झाली. गादी मऊ लागली, हँडल हाताशी आलं, दिवे लखलखले. साताऱ्यापर्यंत सगळं झकास. कोल्हापूर यायच्या आत बूड दुखायला लागलं, खांदे भरून आले आणि ब्रेक दाबला की गाडी नाक खुपसायला लागली.

या धंद्याची मेख इथेच आहे. आराम दोन किलोमीटरच्या चकरेत कळत नाही, तो दोनशेव्या किलोमीटरला कळतो. तोवर गॅरेज मागे राहिलेलं असतं आणि आपण ‘सवय नाही म्हणून दुखत असेल’ अशी स्वतःचीच समजूत घालत असतो. ही गाडी परत आणून उघडली. जे निघालं ते खाली आहे, आणि पैसे देण्याआधी ते कसं पकडता आलं असतं तेही.

सगळ्यात मोठी लूट गादीत. ‘जेल सीट, रु. ६,५००’. कव्हरच्या पिना उपसल्यावर वर २५ मिमीचा पांढरा मऊ स्पंज, त्याखाली ‘जेल’, आणि त्याखाली कंपनीचा साच्यातला फोम, मधोमध ३५ मिमी कापून काढलेला. जेल म्हणजे जेवणाच्या टेबलावर पसरतात त्या पारदर्शक प्लास्टिकच्या शीटचा ४ मिमी जाडीचा तुकडा. खरा जेल पॅड वजनदार असतो. बोटाने दाबला की बाजूला सरकतो आणि सावकाश परत येतो. ही शीट दाबली जातच नव्हती.

स्पंजाचा कस काढायला सोनाराकडचा काटा पुरतो. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, अडीच जाड असा तुकडा कापला, म्हणजे २५० घन सेंटिमीटर. वजन भरलं ४ ग्रॅम. ग्रॅमला घन सेंटिमीटरने भागून हजाराने गुणलं की डेन्सिटी (घनमीटरला किलो) मिळते : १६. तोंडी सांगितली होती ५०, म्हणजे वजन साडेबारा ग्रॅम भरायला हवं होतं. १६ डेन्सिटीचा स्पंज पहिला अर्धा तास गुबगुबीत लागतो, मग ऐंशी किलोच्या माणसाखाली चपटा होतो आणि बैठकीची दोन हाडं थेट सीटच्या प्लास्टिकच्या तळाला टेकायला लागतात. इथे तर मधला मूळ फोमही गेलेला, त्यामुळे माणूस खड्ड्यात बसल्यासारखा आणि जागा बदलायला वाव नाही. लांबच्या प्रवासात जागा बदलता येणं हे मऊपणापेक्षा जास्त कामाचं असतं.

गादी करूनच घ्यायची असेल तर कंपनीच्या सीटला हात लावू देऊ नका. जुनी सीट विकत घेऊन तिच्यावर काम करवून घ्या. खालचा थर टणक हवा, फोमचे तुकडे दाबून केलेला रिबॉन्डेड किंवा ५० च्या वरच्या डेन्सिटीचा फोम. त्यावर १५ ते २० मिमीचा नरम थर पुष्कळ झाला. हाडं टेकतात तिथे सपाट, टाकीकडे निमुळती. शिवण बसायच्या जागेवर आली की पावसाचं पाणी सुईच्या भोकातून आत मुरतं, म्हणून शिवण कडेला आणि रेक्झिनखाली प्लास्टिकचा कागद. आणि कव्हर ठोकण्याआधी त्या उघड्या फोमवर निदान अर्धा तास बसून बघायचं. कारागीर ‘मालक, उद्या या, तयार ठेवतो’ म्हणाला तरी थांबायचं. कव्हर चढलं की आतलं देवालाच ठाऊक.

‘फोर्क ऑइल बदली, रु. २,८००’, म्हणजे पुढच्या शॉकअपमधलं तेल बदलणं. हे काम झालंच नव्हतं. ते कळायला काहीही उघडावं लागलं नाही. तेल बदलायचं तर पुढचं चाक, कॅलिपर, मडगार्ड काढून शॉकअपच्या नळ्या क्लॅम्पमधून खाली ओढाव्या लागतात. इथे क्लॅम्पच्या फटीत गेल्या पावसाळ्यातली लाल माती वाळून घट्ट बसलेली होती आणि नळीवरच्या टोपणाच्या कडांना पाना लागल्याचा ओरखडाही नव्हता. शिवाय आठही कामं मिळून गाडी चार तासांत तयार झाली होती. नुसत्या शॉकअपलाच दोन-अडीच तास जातात. नंतर नळ्या काढून मापाच्या भांड्यात उलट्या केल्या. तेल शिशासारखं करडं, पाण्यासारखं पातळ, आणि दोन नळ्यांत ६० मिलीचा फरक. पातळ झालेलं तेल दट्ट्याला अडवत नाही. मग ब्रेक दाबला की नाक खाली जातं आणि प्रत्येक गचका मनगटातून खांद्यात चढतो. खांदेदुखीचं खापर बिचाऱ्या हँडलवर फुटतं.

गाडी देताना टोपणाच्या कडेवर आणि क्लॅम्पच्या बोल्टवर रंगाच्या मार्करने एक बारीक रेघ मारावी, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या धातूवर. बोल्ट फिरला की रेघ तुटते. आणि काढलेलं तेल बाटलीत भरून मागावं. ‘ते टाकून दिलं’ हे उत्तर आलं की काय समजायचं ते समजावं.

दिवे ‘६० वॅटचे दोन, वायरिंगसह रु. ७,५००’. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना एका दिव्याने १.४ अँपिअर ओढले. गुणाकार केला तर साडेसतरा वॅट. बाजारातल्या स्वस्त एलईडीवरचे वॅट असेच फुगवलेले असतात, त्यामुळे एवढ्याचं आश्चर्य नाही. आश्चर्य वायरीचं. ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली चंदेरी ॲल्युमिनियम. ही वायर एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की लवकर तुटते, आणि हँडलजवळची वायर रोज शेकडो वेळा वाकते. रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. मूळ हेडलाइटच्या वायरीचं वेष्टण सोलून तिथेच पीळ देऊन काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दिवे खरोखरच ६० वॅटचे असते तर हेडलाइटच्या स्विचमधून आणखी नऊ-साडेनऊ अँपिअर गेले असते आणि तो कुठल्यातरी घाटात वितळला असता. खोट्या वॅटनेच गाडी वाचवली म्हणायची.

नीट काम असं असतं : बॅटरीच्या अधिक टोकावरून शुद्ध तांब्याची १.५ चौरस मिमी वायर, टोकापासून वीतभराच्या आत १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला. ८७ वरून दिव्यांना. ८६ ला किल्लीनंतर चालू होणाऱ्या वायरीवरून स्विच, ८५ अर्थला. सांधे क्रिम्प करून, म्हणजे पकडीने दाबून, त्यावर तापवली की आवळणारी हीट श्रिंक नळी. गाडीची एकही मूळ वायर कापायची नाही, कपलर वापरायचा. वॉरंटी नाकारायला कापलेली वायर हे आयतं कारण होतं.

हँडल रायझर दिसायला देखणे, सीएनसी मशिनवर कोरलेले म्हणून विकलेले, रु. ३,२००. ३० मिमी उंची वाढवली, बोल्ट मात्र जुन्याच लांबीचे. एम ८ चे बोल्ट जेमतेम पाच आटे बसलेले, म्हणजे सहा मिमी. ॲल्युमिनियममध्ये एम ८ बोल्ट निदान १२ मिमी आत जायला हवा. बोल्टच्या डोक्यावर ताकद सांगणारा ८.८ किंवा १०.९ असा आकडाही नाही. केबलीही मूळच्याच. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की थ्रॉटल केबल ताणली जाऊन आयडलिंग आपोआप चढायचं. यू टर्न घेताना गाडी स्वतःहून पुढे उडी मारते, ती यामुळे. रायझर बसवून झाले की गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवावं. आवाज बदलला तर केबल नव्याने ओढून घ्यायची किंवा लांब केबल टाकायची. ते होईपर्यंत पैसे द्यायचे नाहीत.

मागचा १२०/९०-१७ टायर नवा होता, म्हणजे वापरलेला नव्हता एवढंच. बिल २०२४ चं आणि टायरवर डॉट अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे १४२० : २०२० सालचा चौदावा आठवडा. चार वर्षं दुकानात सुकलेलं रबर टणक होतं आणि पहिल्या पावसात कळतं. हे चार आकडे बरेचदा टायरच्या एकाच अंगाला असतात आणि बाण फिरण्याच्या दिशेचा असल्यामुळे टायर उलटा बसवता येत नाही. आकडे चेनच्या बाजूला आले की अंधारात जातात. म्हणून टायर चाकावर चढण्याआधी बघायचा.

चेनचं थोडक्यात. ओ-रिंग चेन लिहिली होती, साधी निघाली. पाट्यांच्या मध्ये रबराची बारीक काळी कड दिसते का, एवढंच तपासायचं. इंजिन तेलाचे एकेक लिटरचे तीन डबे लावले होते. या इंजिनला फिल्टरसकट बदलताना दोन लिटरच्या आसपास लागतं. उरलेला डबा आपला, तो घरी आणायचा. रिकामे डबेही स्क्रू ड्रायव्हरने भोकं पाडून आणायचे, नाहीतर उद्या त्यांत दुसरंच काही भरलं जातं. विंडशील्ड मात्र खरी होती, आणि कामही नीट झालं होतं. बाहेरून दिसणारी एक वस्तू चोख द्यायची, ही जुनी दुकानदारी आहे.

आता पैशांचं. ‘पॅकेज, १ नग’ असं लिहिल्यामुळे टायर जुना दिला किंवा शॉकअपला हात लावला नाही, हे बिलावरून सिद्ध होत नाही. प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ, कंपनी, पार्ट नंबर आणि मजुरी वेगळी मागायची. जीएसटी क्रमांक पंधरा अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव येतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. गाडी उघडताना काट्यावरचा आकडा, मीटरवरचा आकडा, टायरवरचा आकडा असे फोटो काढले होते. ते आणि व्हिजिटिंग कार्डाची पाठ जोडून पंधरा दिवसांची लेखी नोटीस गेली. टायर, तेल बदली आणि वायरिंगचे पैसे परत आले. गादीचे आले नाहीत. ‘मऊ करा असं तुम्हीच म्हणालात’ हे उत्तर तयार होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

कंपनीची सीट पार्ट काउंटरवरून नवी मागवावी लागली. ती बसवल्यावर मूळ दुखणं, ज्यासाठी गाडी गॅरेजला गेली होती, ते पहिल्यांदा मोजलं. मागचं चाक अधांतरी धरून चाकाच्या आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचं अंतर, मग चालक आणि पूर्ण सामान चढवून तेच अंतर. फरक ७२ मिमी. या गाडीच्या मागच्या चाकाची चाल (वरखाली होण्याचं अंतर) १८० मिमी, म्हणजे ४० टक्के चाल बसल्याबसल्याच संपत होती. ३० टक्क्यांच्या आसपास हवी. स्प्रिंग आधीच किती दाबलेली असावी हे ठरवणारी प्रीलोडची चकती सी पान्याने फिरवून फरक ५५ वर आणला. पाना दोनशे रुपयांचा, वेळ वीस मिनिटं.