टूलचं वर्णन: एका ओळीत उरकायचं की सविस्तर लिहायचं?

एजंट म्हणजे भाषा-मॉडेलच्या जोरावर स्वतः कामं करणारा प्रोग्राम, आणि टूल म्हणजे त्याला बोलावता येणारं फंक्शन. एजंटच्या हाती टूल देतो तेव्हा त्यामागचा कोड मॉडेलला दिसत नाही. दिसतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या प्रकारात द्यायची याचा आराखडा), एवढंच. मॉडेल बनवणाऱ्या ओपनएआयनं जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलला टूल बोलावू देण्याची सोय) आणलं, अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी (एजंटला बाहेरची टूल्स जोडण्याची सामाईक पद्धत) खुलं केलं; हे मात्र तसंच राहिलं. म्हणून वर्णन हा कोडचाच भाग मानायला हवा. प्रत्यक्षात ते बरेचदा शेवटी, घाईघाईत लिहिलं जातं.

समजा, ऑनलाइन साड्या विकणाऱ्या दुकानासाठी तुम्ही ग्राहकांना उत्तरं देणारा एजंट बनवताय. त्यात रिफंड देण्याचं एक टूल आहे आणि दिलेल्या रिफंडची स्थिती सांगणारं दुसरं. पहिल्याचं वर्णन दोन प्रकारे लिहिता येईल.

आखूड: "ऑर्डरचा रिफंड."

सविस्तर: "दिलेल्या ऑर्डरची रक्कम, ग्राहकाने ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत पाठवतं. ही क्रिया मागे घेता येत नाही. ग्राहकाने रिफंड स्पष्टपणे मागितला असेल आणि ऑर्डरची स्थिती आधी तपासलेली असेल तरच वापरा. आधीच्या रिफंडचं काय झालं एवढंच विचारलं असेल तर वापरू नका. त्यासाठी रिफंड-स्थितीचं टूल आहे. रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत द्या: ५०० रुपयांसाठी ५००००. रक्कम दिली नाही तर पूर्ण रक्कम परत जाते. उत्तरात रिफंड क्रमांक मिळतो. तो मिळाला म्हणजे पैसे खात्यात जमा झाले असं नाही."

आता ग्राहक लिहितो, "माझ्या रिफंडचं काय झालं?" आखूड वर्णनात 'ऑर्डर' आणि 'रिफंड' हे दोनच शब्द आहेत. हे टूल रिफंड देतं की त्याची माहिती देतं, हे मॉडेलनं ओळखायचं कशावरून? सविस्तर वर्णनात ही सीमा आखलेली आहे. माझ्या मते त्या परिच्छेदातलं सगळ्यात मोलाचं वाक्य "वापरू नका" हेच आहे. टूल काय करतं हे नावावरून बऱ्याचदा कळतं. कुठे थांबायचं हे लिहिल्याशिवाय कळत नाही.

रकमेचंही तसंच. रेझरपेसारख्या पेमेंट गेटवेला रक्कम पैशांत द्यावी लागते. मॉडेलनं ५०० पाठवले तर स्कीमा तक्रार करणार नाही, कारण ५०० हाही पूर्णांकच आहे. ग्राहकाला मिळतील पाच रुपये, आणि लॉगमध्ये सगळं यशस्वी दिसेल. सविस्तर वर्णनातलं शेवटचं वाक्य गाळलं तर एजंट ग्राहकाला "पैसे जमा झाले" असं सांगून मोकळा होऊ शकतो.

आखूड वर्णन पुरतं अशी टूल्सही आहेत. पिनकोडवरून पोस्ट ऑफिसचं नाव शोधणारं, नुसतं वाचणारं, जवळपास दुसरं सारखं टूल नसलेलं: इथे दोन ओळी पुष्कळ झाल्या.

सविस्तर लेखनावर खरा आक्षेप टोकनचा, म्हणजे मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं आणि ज्यांवर पैसे मोजावे लागतात त्यांचा. टूल्सच्या व्याख्या प्रत्येक विनंतीबरोबर जातात, आणि चार-पाच एमसीपी सर्व्हर जोडले तर ग्राहकानं तोंड उघडण्याआधीच कॉन्टेक्स्टचा, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या जागेचा, मोठा भाग भरतो. खर्चावर उपाय आहे: व्याख्या विनंतीच्या सुरुवातीला असतात आणि सहसा बदलत नाहीत, त्यामुळे त्या कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी साठवून, ठेवता येतात. अँथ्रोपिककडे कॅशमधून वाचलेल्या टोकनचा मूळ दर नेहमीच्या इनपुटच्या दहाव्या हिश्शाएवढा आहे. जागा मात्र अडतेच. म्हणून काटछाट करायची तर वर्णनांत नको, टूल्सच्या संख्येत करा. ओपनएआयच्या मार्गदर्शनात एका वेळी वीसपेक्षा कमी फंक्शन्स ठेवण्याचा सौम्य सल्ला आहे. अँथ्रोपिक प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्यं लिहायला सांगतं. दोन्ही एकत्र पाळता येतात.

नियम वाक्यात की स्कीमात?

जे स्कीमात बसतं ते वाक्यात लिहून भागवू नका. रिफंडची कारणं ठरलेली असतील तर त्यांची यादीच पॅरामीटरला द्या. 'रक्कम' या नावापेक्षा 'रक्कम_पैशांत' हे नाव जास्त काम करतं. अँथ्रोपिकनं कोड दुरुस्त करणारा एजंट बनवताना असं आढळलं, की मूळ फोल्डरमधून बाहेर पडल्यावर मॉडेल सापेक्ष पाथ (चालू फोल्डरपासून मोजलेला फाइलचा पत्ता) चुकवतं. त्यांनी टूलला पूर्ण पाथच सक्तीचा केला आणि अडचण संपली. आणि दहा हजारांवरचा रिफंड माणसाच्या मंजुरीशिवाय जाऊ नये असं असेल, तर ती अट सर्व्हरवरच्या कोडमध्ये हवी. वर्णन वाचून मॉडेल बहुतेकदा नीट वागेल, पण पैशांच्या बाबतीत 'बहुतेकदा' चालत नाही.

मराठीत की इंग्रजीत?

ग्राहक मराठीत बोलत असले तरी वर्णन मराठीतच हवं असं नाही. देवनागरी मजकुराला सहसा जास्त टोकन लागतात, आणि बाकीचा कोड इंग्रजीत असतो. मी वर्णन इंग्रजीत ठेवून उदाहरणं ग्राहकांच्या बोलीतली घालेन: 'अडीचशे' म्हणजे २५०, 'पावणेदोन हजार' म्हणजे १७५०. मात्र टीमला इंग्रजीत नेमकं लिहिणं जड जात असेल, तर तुटक इंग्रजीपेक्षा स्वच्छ मराठी केव्हाही चांगली.

तरीही निर्णय होत नसेल तर दोन्ही वर्णनं चालवून बघा. ग्राहकांचे खरे प्रश्न घ्या, त्यांत हे टूल वापरलं जाऊ नये असेही प्रश्न मुद्दाम ठेवा, आणि कोणतं टूल पॅरामीटरमध्ये काय भरून बोलावलं गेलं ते ओळीनं वाचा. अँथ्रोपिकच्या क्लॉड या मॉडेलच्या वेब-शोध टूलमध्ये मॉडेल गरज नसताना शोधशब्दांना '२०२५' जोडत होतं. ते लक्षात आल्यावर अँथ्रोपिकनं टूलचं वर्णन सुधारून ते थांबवलं. असे दोष बेरजेच्या आकड्यांत लपतात, एकेक संवाद वाचला की लगेच सापडतात.