सौर पंप, मोफत वीज की सौर फिडर? सातारा-सांगलीच्या विहिरीवरचा हिशेब

राज्याच्या 2020 च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणात 17,360 मेगावॉटचं लक्ष्य होतं, त्यातले 12,930 मेगावॉट एकट्या सौरऊर्जेचे. शेतातल्या पंपाला वीज मिळते ती मात्र तीन वाटांनी: 7.5 एचपीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज, विहिरीवर स्वतःचा सौर पंप, किंवा गावाजवळच्या सौर प्रकल्पावर चालणारा शेतीचा फिडर, म्हणजे सबस्टेशनमधून पंपांना वीज नेणारी लाइन. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत यातली वाट ठरवणं अवघड जातं, कारण तिथे पाणी खोल आहे आणि ऊन भरपूर.

पहिली गोष्ट आधी स्पष्ट करू. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना ज्यांच्याकडे पाण्याचा शाश्वत स्रोत आहे पण वीजजोडणी नाही, त्यांच्यासाठी आहे. जोडणी चालू असेल तर सौर पंपाचा विचार सोडा. तुमचा प्रश्न फक्त फिडर सौर कधी होणार एवढाच उरतो. वीजजोडणीचं कोटेशन भरून वाट बघत बसलेल्यांना आणि नव्या विहिरीवाल्यांना मात्र खरी निवड करायची आहे.

पैशाचा भाग सोपा आहे. सौर पंपाच्या किमतीतला 10 टक्के हिस्सा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के. अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, पाच एकरांपर्यंत 5 एचपी, त्यापुढे 7.5 एचपी. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा त्यातच. मोफत विजेची योजना एप्रिल 2024 ते मार्च 2029 एवढीच आहे, आणि 7.5 एचपीवर एक एचपी जरी चढला तरी बिल येतं. पॅनेल साधारण पंचवीस वर्षं टिकतात, मोफत विजेची मुदत पाच वर्षांची. तुलना करताना हा फरक बहुतेक जण विसरतात.

खरी गंमत पाण्याच्या उंचीत आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. 3 एचपीचा, 3,000 वॉट पॅनेलचा पंप स्वच्छ उन्हाच्या दिवशी एकूण 30 मीटर हेडला, म्हणजे पाणी उचलायच्या उंचीला, लाखभर लिटर पाणी देतो. हेच हेड 70 मीटर झालं की पाणी 40 हजारांच्या आसपास येतं. जतच्या बाजूला पाचशे फुटी बोअर असेल आणि पाणी तळाशीच असेल तर ते 150 मीटर झालं. तिथे एवढ्या पंपात अर्थ नाही. हेड काढताना विहिरीचं पावसाळ्यातलं पाणी धरू नका, एप्रिल-मेची पातळी धरा. त्यात उपशामुळे पाणी खाली जातं ते, शेतापर्यंतची चढण, पाइपातलं घर्षण, आणि ठिबक असेल तर आणखी 10 ते 15 मीटर मिळवा. एक किलो दाब म्हणजे दहा मीटर, एवढं लक्षात ठेवलं की गणित जमतं. संयुक्त पाहणीला माणूस आला की हा आकडा त्याला लिहून द्या, नाहीतर गोदामात जे हेड असेल तेच तुमच्या विहिरीत उतरतं.

ठिबकवाल्यांची दुसरी अडचण: सौर पंपाचा दाब उन्हाबरोबर वरखाली होतो. सकाळी नऊला लॅटरलच्या (ठिबकच्या नळीच्या) टोकाला थेंब पडत नाही, दुपारी जोर असतो, ढग आला की फिल्टरवरचा काटा खाली. तासगावच्या द्राक्षबागेला हे परवडत नाही. उपाय दोन: आधी शेततळ्यात किंवा टाकीत पाणी उचला, किंवा व्हॉल्व्ह पाडून बागेचे छोटे भाग करा. ढगाचा मुद्दा पाटण-जावळीत अधिक, आटपाडीत कमी. ठिकाण बघूनच ठरवा.

पॅनेल कुठे उभे करता यावरही बरंच अवलंबून आहे. उसाच्या बांधावर लावलेल्या पॅनेलवर ऊस पुरुषभर उंच झाला की सावली येते, आणि एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावली सगळ्या मालिकेचं उत्पादन खाली ओढते. द्राक्षबागेशेजारी बोर्डो या बुरशीनाशकाच्या फवारणीचा थर बसतो. साध्या पाण्याने, ऊन तापण्याआधी धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

फिडरच्या विजेचं सुख वेगळं आहे. आज ज्यांना एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री लाइट मिळते, त्यांना फिडर सौर झाल्यावर दिवसा मिळते. शिराळा, कराड, पाटणच्या उसात बिबट्या फिरत असताना रात्री दारं मोडायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जावं लागत नाही, हा फायदा कुठल्याही अनुदानापेक्षा मोठा वाटणारे खूप जण आहेत. ढग आला तरी ग्रिड बाकीची वीज पुरवते. पण डीपी, म्हणजे पंपांचा ट्रान्सफॉर्मर, तीच राहते. लाइट येताच ऑटो स्विचमुळे सगळे पंप एकदम सुरू होतात, भार चढतो, फ्यूज जातो, व्होल्टेज पडून मोटारीचं वाइंडिंग जळतं. ऑटो स्विच काढणं आणि प्रत्येक मोटारीला योग्य कपॅसिटर लावणं, हे दोन उपाय डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून केले तरच उपयोग. शिवाय सबस्टेशनची लाइन बंद पडली तर प्रकल्पही आपोआप थांबतो. कडक ऊन असूनही लाइट नाही असं होऊ शकतं.

कार्बनच्या दृष्टीने मात्र फिडर सरळ पुढे आहे. ग्रिडच्या एका युनिटमागे ढोबळमानाने 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. 5 एचपीच्या पंपाचे सुमारे 4,800 वॉट पॅनेल वर्षाला साधारण 7,000 युनिट देऊ शकतात. विहिरीवर पंप 150 दिवसच चालला तर तीन हजारांच्या आत युनिट वापरात येतात, बाकी ऊन वाया. तेच पॅनेल प्रकल्पात असते तर पावसाळ्यात पंप बंद असतानाही वीज गावठाणाला गेली असती. म्हणजे वर्षाला कार्बन डायऑक्साइड वाचतो तो विहिरीवर दोन टन, प्रकल्पात पाच टनांच्या जवळ. कडबाकुट्टी किंवा पिठाची गिरणी चालवणारा युनिव्हर्सल कंट्रोलर बसवला तर ही दरी थोडी भरते.

फिडरसाठी अर्ज करायचा नसतो. सबस्टेशनला जाऊन आपला फिडर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये आहे का, एवढंच विचारायचं. जमीन द्यायची असेल तर भाडं हेक्टरी वर्षाला किमान 1.25 लाख, दरवर्षी 3 टक्के वाढ. म्हणजे एकरी पन्नास हजारांच्या आसपास. एक मेगावॉटला चारेक एकर लागतात. वारणा-कृष्णेच्या काठची उसाची जमीन यात घालणं चूक आहे. माण-जतचं माळरान असेल, सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत असेल, तर विचार करा. पंचवीसाव्या वर्षी भाडं दुप्पट होईल, पण महागाई तोवर कुठे असेल ते तुम्हीच धरा.

सौर पंपाचं ठरलं, तर कागदांत बहुतेकांचं अडतं ते सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसल्यामुळे आणि सहहिस्सेदारांच्या संमतीपत्रामुळे. ही दोन्ही कामं पैसे भरायच्या आधी पुरी करा. जलसंधारणाच्या साठ्यातून उपसायला हा पंप चालत नाही. बसवून झाल्यावर सही करण्याआधी स्वच्छ उन्हात भर दुपारी दोनशे लिटरचा बॅरल भरून बघा. 3 एचपी आणि 30 मीटर हेडला तो मिनिटभरात भरला पाहिजे. दोन मिनिटं लागली तर हेड चुकलंय किंवा पॅनेलची दिशा. सही थांबवा आणि दोन्ही तपासायला सांगा.