पेलेट स्मोकरच्या ‘फुल किट’ने घातलेली टोपी

आधी कामाचं सांगतो. पेलेट स्मोकर म्हणजे लाकडी कांड्यांच्या मंद आचेवर, धुरात मांस शिजवायचं विजेवरचं मशिन. त्यासोबत खरोखर लागणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत. मांसात सळई खुपसून आतलं तापमान बघायचा भरवशाचा प्रोब थर्मामीटर, पेलेट ठेवायला घट्ट झाकणाचा पिंप, थंड झालेली राख ओढायला व्हॅक्यूम आणि मशिन अमेरिकेतून आलेलं असेल तर लोखंडी गाभ्याचा खराखुरा ट्रान्सफॉर्मर. एवढ्यावर कोणी ‘फुल किट’ गळ्यात मारायला लागला तर त्याच्याकडून प्रत्येक वस्तूचं वेगळं बिल मागा. आमचे अशा किटपायी साडेअठरा हजार गेले, वर मशिनचा कंट्रोलर जळाला तो वेगळाच. ज्याने हे केलं तो आजही माल विकतोय, म्हणून हे लिहायला घेतलं.

मशिन आमच्या दाजींचं. ताई आणि दाजी अमेरिकेतून कायमचे सोलापूरला परत आले तेव्हा सामानाच्या कंटेनरमधून हा स्मोकरही आला आणि जुळे सोलापुरातल्या घराच्या मागच्या अंगणात बसला. ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाजूच्या हॉपरमध्ये लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, भरायच्या. आतला स्क्रू त्या थोड्या थोड्या करून आगीच्या वाटीत ढकलतो, इग्नायटरची सळई त्या पेटवते, पंखा हवा देतो आणि कंट्रोलर तापमान बघून स्क्रूचा वेग कमी-जास्त करतो. आपण नुसतं 110 अंश लावायचं आणि मटणाचा खांदा आत ठेवून गप्पा मारत बसायचं. दाजींना याचं भारी वेड.

विक्रेता सोशल मीडियावर सापडला. बाहेरगावचा, फोनवर गोड बोलणारा. सुरुवातीला त्याने काही विकलंच नाही, आणि त्याची खरी कारागिरी तीच होती. दाजींकडून मशिनचे फोटो मागवले, आगीची वाटी कशी साफ करायची ते समजावलं, हॉपरमध्ये राहिलेले जुने पेलेट काढून टाकायला लावले. सगळं बरोबर सांगितलं. एक पैसा न घेता एवढं खरं सांगणारा माणूस पुढं खोटं बोलेल असं कुणाच्या मनात येणार? मग एके दिवशी हळूच म्हणाला, ‘‘सर, तुमचं मशिन इथल्या करंटवर चालणार नाही. माझ्याकडे पूर्ण किट आहे, त्यात कन्व्हर्टरही येतो.’’

किटमध्ये होतं काय? हिकरी या अमेरिकी झाडाच्या लाकडाचे म्हणून 20 किलो पेलेट, स्टेनलेस स्टीलची जास्तीची जाळी, वायरलेस थर्मामीटर, 1600 वॉटचा कन्व्हर्टर, हातमोजे, कव्हर, आणि थंडीत मशिनवर पांघरायचं इन्सुलेटेड ब्लँकेट. हे ब्लँकेट बर्फाच्या मुलखात उपयोगी पडतं, तिथं उणे तापमानात पेलेट भराभर जळतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा 42 च्या पुढं जातो. तरी या पठ्ठ्याने ते किटात घुसवलं. सोलापूरकराला पांघरूण विकून गेला, यापेक्षा आणखी काय सांगू!

नुकसान सगळ्यात जास्त कन्व्हर्टरने केलं. अमेरिकेतलं मशिन 120 व्होल्टचं, आपल्याकडे 230. मशिन लावलं, डिस्प्ले उजळला, पंखा विचित्र गुणगुणला आणि थोड्या वेळात करपल्याचा वास आला. विक्रेता म्हणाला, मशिनच जुनं आहे.

सोलापूर यंत्रमागांचं गाव, त्यामुळे मोटार रिवाइंडिंगची दुकानं इथं शोधावी लागत नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे आमच्या ओळखीचे एक मामा आहेत, आयुष्य मागाच्या मोटारी भरण्यात गेलेलं. त्यांनी कन्व्हर्टर एका हातात घेतला, वर-खाली केला आणि हसायलाच लागले. ‘‘काय ओ, ह्यात लोखंडच नाही की! सोळाशे वॉट म्हणतो, आणि वजन पावशेर?’’ चार स्क्रू काढून झाकण उघडलं तर आत एक छोटी पट्टी, दोन-तीन पार्ट आणि ॲल्युमिनियमचा एक तुकडा. ना कोअर, ना तांब्याची वाइंडिंग. परदेशी प्रवासात हेअर ड्रायर चालवायला मिळतात त्या जातीचा तो डबा. तो विजेची लाट कापून सरासरी खाली आणतो. नुसत्या तापणाऱ्या तारेला ते चालून जातं. मोटार आणि इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या वस्तूला चालत नाही. आणि हे त्या डब्याच्या खाली बारीक अक्षरात छापलेलंसुद्धा होतं, त्यावर विक्रेत्याने स्वतःचं स्टिकर चिकटवलं होतं! मामांनी नखाने ते खरवडलं तेव्हा खालची ओळ दिसली.

तेव्हा कोणी कन्व्हर्टर देऊ केला तर आधी वजन विचारा. पेलेट स्मोकर पेटताना इग्नायटरला साधारण 200 ते 300 वॉट लागतात, नंतर पंखा आणि स्क्रू मिळून 50 वॉटच्या आसपास. 500 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, ट्रान्सफॉर्मरची ताकद सांगायचं माप) स्टेप-डाउन, म्हणजे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर पुरतो, आणि तो काही किलो भरतो, खिशात मावत नाही. मामांनी आणखी एक सांगितलं ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे: ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, फ्रिक्वेन्सी तीच राहते. तिकडं 60 हर्ट्झ, इकडं 50. मोटार एसीवरची असेल तर ती थोडी सावकाश फिरणार. डीसी मोटारीच्या नव्या मशिनला ही अडचण नसते. कोणतीही वस्तू घ्यायच्या आधी मशिनच्या मागची पाटी वाचून घ्या, त्यावर व्होल्ट, हर्ट्झ, वॉट सगळं लिहिलेलं असतं.

नवा कंट्रोलर मागवला, मामांनी ट्रान्सफॉर्मर बांधून दिला, मशिन सुरू झालं. मग पेलेटची पाळी आली.

अन्न शिजवण्यासाठीचे पेलेट साधारण 6 मिलिमीटर जाडीचे, फिकट, चकचकीत असतात. नुसत्या लाकडाच्या भुशाचे. लाकडातलं लिग्निन दाबाने आणि उष्णतेने मऊ होऊन तेच भुसा धरून ठेवतं, वेगळा गोंद लागत नाही. आमच्या पोत्यातले काळपट, जाडे आणि हाताला खरखरीत होते. पेटवल्यावर धूर आला तो भट्टीत शेंगांची टरफलं टाकल्यासारखा. थोड्या वेळाने तापमान घसरायला लागलं. झाकण उघडून बघतो तर आगीची वाटी राखेने काठोकाठ, आणि राखेत काचेसारखे कडक खडे झालेले. विस्तव विझलेला, पण स्क्रू आपला पेलेट ढकलतच होता. इथं एक धोका सांगून ठेवतो: अशा वेळी मशिन बंद करून, गार होऊ देऊन वाटी रिकामी केल्याशिवाय पुन्हा पेटवू नका. साचलेले पेलेट एकदम पेट घेतात आणि झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर भडका येतो.

माझा एक मित्र टॉवेलच्या कारखान्यात बॉयलरवर आहे. त्याने मूठभर पेलेट तळहातावर घेतले, एक दाताखाली धरून मोडला आणि म्हणाला, ‘‘अरे, हे तर आमचं जळण!’’ शेतातला पालापाचोळा, शेंगांची टरफलं, सोयाबीनचा भुसा, सॉ-मिलचं जे मिळेल ते, असं सगळं दाबून केलेलं बॉयलरचं इंधन. पिकांच्या काडीकचऱ्यात सिलिका आणि पोटॅश जास्त असतं, त्याची राख वितळून खडे होतात. बॉयलरला ते चालतं, तिथं राख काढायला माणूस उभा असतो. किलोमागे काही रुपयांचा हा माल आम्ही अडीचशे रुपये किलोने घेतला होता. एक कांडी पाण्यात टाकली तर फुगून सुटी झाली आणि भुशात प्लायवुडचा लालसर पापुद्रा तरंगताना दिसला. प्लायवुड म्हणजे चिकटवणारं रसायन आलंच. त्या धुरात शिजवलेलं कुणी खायचं?

पाण्याची ही परीक्षा घरी कुणालाही करता येते. चांगला पेलेट फुगून एकसारखा, एकाच रंगाचा भुसा होतो. रंगीबेरंगी तुकडे, टरफलं, चकाकणारं काही दिसलं तर पोतं परत. अन्न शिजवायच्या खऱ्या पेलेटमध्येही ‘हिकरी’ लिहिलेल्या पोत्यात बऱ्याचदा ओकसारखं दुसरं लाकूड मिसळलेलं असतं. ते चालतं, पण पोत्यावर तसं लिहिलेलं हवं. आमच्या पोत्यावर उत्पादकाचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, छापील किंमत नव्हती. बंद पोत्यावर या गोष्टी छापणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे कोरं पोतं दारात आलं तर ते परत पाठवायला तेवढंच कारण पुरे. आणि पेलेटला ओल बिलकूल खपत नाही. भिजले की पुन्हा भुसा होऊन स्क्रूत सिमेंटसारखे घट्ट बसतात. म्हणून झाकणाचा पिंप. धान्य ठेवायचा प्लास्टिकचा पिंप चालतो, ‘पेलेट स्टोरेज सिस्टिम’ वगैरे घ्यायची गरज नाही.

थर्मामीटरने तर घरातल्या माणसांची तब्येतच पणाला लावली होती. त्याच्यावर 74 अंश दिसले म्हणून दाजींनी कोंबडी काढली. तंगडीच्या सांध्यापाशी सुरी घातली तर आत कच्चीच. मग ग्लासभर चुरलेल्या बर्फात थोडं पाणी घालून प्रोब बुडवला. शून्य दिसायला हवं, दिसले सहा. उकळत्या पाण्यातही तेवढाच पुढं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, इथं पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या जवळपास उकळतं, बरोबर शंभरला नाही, हेही लक्षात ठेवून बघा. म्हणजे 74 दाखवत होता तेव्हा कोंबडी 68 ला होती. कोंबडीच्या मांसात जंतू मारायला 74 अंश आतपर्यंत पोचले पाहिजेत. माझं मत विचाराल तर बाकी सगळ्यात काटकसर करा, पण थर्मामीटर नावाजलेल्या कंपनीचा आणि बिल घेऊनच घ्या, आणि पहिल्याच दिवशी बर्फात बुडवा. मटणाचा मोठा तुकडा 65-70 अंशांवर तासन् तास अडकून बसतो, कारण पृष्ठभागावरून पाणी उडताना तो थंड होत राहतो. थर्मामीटर भरवशाचा नसेल तर माणूस तिथं घाबरून आच वाढवतो.

जाळीबद्दल जास्त लिहीत नाही. स्टेनलेस म्हणून दिलेली जाळी जस्ताचा मुलामा दिलेली निघाली. दही-लिंबू लावलेली कोंबडी ठेवली तिथं पांढरट डाग उठले. आंबटाने जस्त सुटतं आणि अन्नात उतरतं. लोहचुंबकाची परीक्षा अर्धीच कामाची आहे: 304 या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक सहसा धरत नाही, पण स्वस्तातल्या 202 प्रतीलाही धरत नाही. दाजींनी शेवटी इथल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून मापाची जाळी करून घेतली आणि बिलावर 304 असं लिहूनच घेतलं. हातमोजे बरे होते, पण ओले झाल्यावर वाफ थेट हाताला लागते. दाजी आता घडी घातलेला कोरडा सोलापुरी टॉवेल वापरतात. चरबी गळते त्या ट्रेवर घालायचे ‘खास लायनर’ विक्रेता पुढच्या पार्सलसाठी सुचवत होता, त्याऐवजी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चालते. कव्हर मात्र ठीक निघालं. आपल्याकडे पावसापेक्षा धुळीसाठी आणि उन्हासाठी ते लागतंच.

आता पैशांचं. विक्रेत्याचं पहिलं उत्तर होतं, ‘पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कुठाय?’ दुसरं, ‘सेलमधला माल परत नाही.’ 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करून तक्रार नोंदवली. कन्व्हर्टरवरचं खरवडलेलं स्टिकर, पाण्यातला पेलेट, बर्फातला थर्मामीटर, सगळ्याचे फोटो जोडले. त्यानंतर कन्व्हर्टर आणि थर्मामीटरचे पैसे परत आले. पेलेट आणि जाळीचे दिले नाहीत, कंट्रोलरचा तर विषयच काढू देत नाही.

ते आता सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे चाललंय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. यूपीआयचे पैसे दुकानाच्या नावावर न जाता एका व्यक्तीच्या नावावर गेले होते, ते बँकेच्या नोंदीत दिसतं. ती नोंद, सगळे मेसेज आणि त्याचा कोरा, नंबर नसलेला ‘बिल’ म्हणवणारा कागद एवढं जोडलंय. मामांनी कन्व्हर्टरबद्दल लेखी देतो म्हटलंय.

मधल्या काळात त्या पेजचं नाव बदललंय. फोटो जुनेच आहेत: निळ्या ताडपत्रीवर मांडलेलं किट, डाव्या कोपऱ्यात घडी केलेलं करडं ब्लँकेट, आणि खाली ‘फुल किट, मर्यादित स्टॉक’. तो फोटो दिसला तर ऑर्डर करू नका.